पुढच्या आजारपणाची तयारी : कोल्हापुरातील वस्त्यांमध्ये वैद्यकीय इच्छापत्राचे काम कसे करावे

रात्री दोन वाजता डॉक्टर अतिदक्षता विभागाच्या दारात येऊन विचारतात, ‘पेशंटला व्हेंटिलेटरवर घ्यायचे का? सही कोण करणार?’ आणि बाहेर उभी असलेली पाच माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. थोरला मुलगा पुण्याहून निघालेला असतो, धाकट्याला आईच्या गोळ्यांची नावे माहीत नसतात, आणि आजवरची सगळी दुखणी जिने निभावली ती सून मागे भिंतीला टेकून उभी असते, कारण तिला कोणी विचारतच नाही. पुढच्या पाच मिनिटांत जे ठरते, ते रुग्णाला हवे होते की नाही हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. त्या पाच मिनिटांची तयारी आधी कशी करावी, याविषयी हा लेख आहे. राजेंद्रनगर, सदर बाजार, कनाननगर, यादवनगर, वारे वसाहत अशा वस्त्यांमध्ये आणि घरकुलांमध्ये काम करणाऱ्या आशा सेविका, बचत गटांच्या अध्यक्षा, तालीम मंडळांचे कार्यकर्ते आणि निवृत्त परिचारिका यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. ज्यांना आपल्या घरापुरतीच ही तयारी करायची आहे, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

या कामात बोलणे आधी येते, मग आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमणे, आणि कागद, म्हणजे स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र, सर्वांत शेवटी. ज्यांनी कागदापासून सुरुवात केली, त्यांच्याकडे सह्या झालेले पण कोणालाच ठाऊक नसलेले कागद साठले आहेत. गरीब वस्तीत मात्र या सगळ्याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे पैशाचा.

पैसा आणि इच्छा यांची गाठ आधी सोडवा

माझ्याकडून सुरुवातीला झालेली एक चूक येथे सांगतो. शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य काढलेले आणि धुळीने फुप्फुसे निकामी होत चाललेले एक काका होते. भेटल्या भेटल्या ते म्हणाले, ‘मला मशिनीवर घालू नगासा.’ बोलणे इतके स्पष्ट होते, की मी ते तसेच्या तसे उतरवून घेतले. पुढच्या भेटीत ते सहज बोलून गेले, ‘पोरानं आईच्या येळंला काढलेलं कर्ज अजून फिटंना.’ तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी लिहून घेतलेला नकार यंत्राला नव्हता, तो सावकाराच्या व्याजाला होता. त्यांचे रेशनकार्ड काढून पाहिले, कोणत्या रुग्णालयात कोणत्या योजनेतून उपचार होऊ शकतात हे मुलासमोर बसून समजावले आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यावर उत्तर आले, ‘दोन-चार दिस बघा. उठलो तर उठलो, न्हाई तर घरला न्या.’ या दोन उत्तरांत एका माणसाच्या जगण्या-मरण्याचे अंतर आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की खर्चाची बाजू समजावून सांगितल्याशिवाय कोणाचाही ‘नको’ कागदावर घेऊ नये. ‘पोरांवर ओझं नको’ हे वाक्य वस्तीत प्रत्येक घरात ऐकू येते आणि त्यात मायाही असते. पण ओझे म्हणजे पैसा, रजा बुडणे, अंथरुणावरची सेवा की यातना लांबणे, हे वेगवेगळे विचारल्याशिवाय कळत नाही. कार्यकर्त्याने शांतपणे एवढेच विचारावे, ‘खर्चाची चिंता नसती, तर तुम्ही काय सांगितले असते?’ आणि मग गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो.

खर्चाची बाजू भक्कम करण्यासाठी काही गोष्टी आजारपण येण्यापूर्वीच उरकून ठेवता येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आणि आता पिवळे, केशरी वा पांढरे असा रेशनकार्डाचा भेद त्यात आड येत नाही. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वय आधारकार्डावरून धरले जाते. येथेच अडचण येते, कारण वस्तीतल्या अनेक ज्येष्ठांच्या आधारकार्डावर अंदाजाने टाकलेली १ जानेवारी ही जन्मतारीख असते, रेशनकार्डावरचे नाव लग्नानंतरचे आणि आधारवरचे माहेरचे असते, किंवा सुनेचे नाव कार्डात चढलेलेच नसते. अशा दुरुस्त्या रुग्णालयात दाखल झाल्यावर करणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. कार्यकर्त्याने प्रत्येक घरात आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून नावे अक्षरशः बोट ठेवून जुळवून पाहावीत आणि रेशनकार्डाचा बारा अंकी क्रमांक एका कागदावर उतरवून ठेवावा.

रुग्णालयात गेल्यावर पहिले काम म्हणजे आरोग्यमित्राचा टेबल शोधणे. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. मंजुरीसाठी कागदपत्रे त्याच्यामार्फतच जात असल्यामुळे बिल झाल्यावर त्याच्याकडे जाण्यात अर्थ नसतो. सर्वच उपचार योजनेत बसत नाहीत, हेही घरच्यांना मोकळेपणाने सांगावे. जेथे योजना लागू होत नाही, तेथे धर्मादाय रुग्णालयांची तरतूद आठवावी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो करवीर तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवलेला असला, की ऐन वेळी धावाधाव होत नाही. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे प्रकरण करताना हा दाखला अनेकदा काढलेलाच असतो. मात्र त्यावरची मुदत तपासावी.

बोलणे : कोठे, केव्हा, कोणत्या शब्दांत

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असताना एकांत ही मिळवावी लागणारी गोष्ट आहे. बचत गटाच्या बैठकीत किंवा तालमीच्या सभागृहात विषयाची ओळख करून द्यावी, पण कोणाही एकाला सगळ्यांसमोर त्याची इच्छा विचारू नये. वैयक्तिक बोलणे देवळाच्या ओवरीत, कट्ट्यावर किंवा दुपारी घर रिकामे असताना करावे. धुण्याभांड्याची कामे करून बायका संध्याकाळी सातनंतर घरी येतात आणि लगेच चुलीपाशी लागतात. त्या वेळी गेल्यास दारातूनच परत यावे लागते. माझ्या अनुभवात सर्वांत चांगली वेळ म्हणजे कोणीतरी दवाखान्यातून बरे होऊन घरी आल्यानंतरचे पंधरा दिवस. आठवण ताजी असते, भीती ओसरलेली असते आणि ‘आयसीयूत काय झाले, काय सोसवले नाही’ हे माणूस आपणहून सांगू लागतो.

‘मरण’ या शब्दाने सुरुवात केल्यास ‘शुभ बोला’ म्हणून विषय तिथेच थांबतो. मागच्या आजारपणापासून सुरुवात करावी. ‘मावशी, तुम्ही ॲडमिट होता तेव्हा डॉक्टर कोणाशी बोलत होते? ते तुम्हाला पटले का?’ एवढ्या प्रश्नाने अर्धे काम होते. त्यानंतर विचारावे, की तुम्हाला बोलता येत नसले तर तुमच्या वतीने कोणी बोलावे. आजार बरा होणारा नाही असे कळले तर ते तुम्हाला सांगावे की घरच्यांनाच सांगावे. शेवटचे दिवस घरी जावेत की रुग्णालयात. आणि कोणती अवस्था तुम्हाला अजिबात नको. शेवटच्या प्रश्नाला लोक फार नेमके उत्तर देतात. एका आजींनी सांगितले होते, ‘नातवंडास्नी वळखीना झाली, की मग औषधपाणी पुरं.’ हे वाक्य कोणत्याही छापील नमुन्यातल्या भाषेपेक्षा डॉक्टरांना अधिक उपयोगाचे आहे. असे शब्द सुधारून न घेता तसेच लिहावेत.

उपचारांची नावे समजावताना कोल्हापुरात एक खास काळजी घ्यावी लागते. बंद पडलेले हृदय छाती दाबून पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नाला वैद्यकीय भाषेत सीपीआर म्हणतात, आणि आपल्याकडे सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुन्या लोकांचा थोरला दवाखाना. ‘सीपीआर नको’ असे कागदावर लिहिले गेले, तर डॉक्टर त्याचा एक अर्थ लावतील आणि सांगणाऱ्याच्या मनात ‘मला सरकारी दवाखान्यात नेऊ नका’ असा अगदी वेगळा अर्थ असू शकेल. म्हणून बोलताना आणि लिहिताना ‘हृदय थांबल्यास छाती दाबून किंवा विजेचा झटका देऊन ते सुरू करण्याचा प्रयत्न’ असे पूर्ण लिहावे. व्हेंटिलेटर म्हणजे नाकाला लावलेला ऑक्सिजन नव्हे, घशातून नळी घालून यंत्राने दिलेला श्वास, हेही समजावावे, कारण ‘नळी नको’ म्हणणारे अनेक जण प्रत्यक्षात साध्या ऑक्सिजनलाही नको म्हणत आहेत असे घरचे धरून चालतात. डायलिसिस आणि नाकातून पोटात घातलेली अन्नाची नळी यांबद्दलही असेच सोपे करून सांगावे.

‘हवे’ आणि ‘नको’ यांच्यामध्ये तिसरे उत्तर असते, हे लोकांना माहीत नसते. ठरावीक दिवस उपचार करून पाहावेत आणि गुण आला नाही तर थांबावे, असे सांगण्याचा अधिकार रुग्णाला आहे. फौंड्रीतल्या काकांनी तेच सांगितले होते. वस्तीत बहुतेकांना हेच उत्तर मनापासून पटते, कारण त्यात प्रयत्न सोडल्याची टोचणी मुलांना राहत नाही.

आपल्या वतीने बोलणारा माणूस

बँकेतला नॉमिनी, मृत्युपत्रातला वारस आणि उपचारांविषयी आपल्या वतीने बोलणारा माणूस हे तिघे वेगळे असू शकतात. लोकांच्या मनात ते एकच असतात, म्हणून थोरल्या मुलाचे नाव आपोआप पुढे येते. त्याला विरोध करू नये, पण काही गोष्टी विचारात घ्यायला सांगाव्यात. तो माणूस तासाभरात रुग्णालयात पोहोचू शकतो का? त्याचा फोन लागतो का? डॉक्टरांसमोर तो बोलू शकतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वतःला न पटणारी पण तुमची असलेली इच्छा तो बोलून दाखवेल का? इचलकरंजीत दिलेली लेक या चारही कसोट्यांना उतरत असेल, तर तिचे नाव घालायला कायद्याची काही आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्या वतीने बोलणारे म्हणून एकापेक्षा अधिक पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक नेमता येतात, त्यामुळे लेक आणि मुलगा दोघांची नावे क्रमाने घालून घरातला रुसवाही टाळता येतो.

ज्याला नेमले त्याला समोर बसवून सगळे सांगावे, आणि उरलेल्या भावंडांनाही त्याच आठवड्यात सांगावे. मुंबईहून शेवटच्या दिवशी येणारा आणि आल्याबरोबर ‘तुम्ही वडिलांना सोडून दिले’ म्हणणारा भाऊ प्रत्येक घरात असतो. त्याला आधी फोनवर आईच्या तोंडून ऐकवलेले असले, की पुढचा कलह पुष्कळ कमी होतो. ज्यांना जवळचे कोणीच नाही, अशा एकट्या ज्येष्ठांबाबत मात्र घाई करू नये. शेजारीण वर्षानुवर्षे करत असते, पण घर किंवा खोली तिच्या नावावर होण्याचा प्रश्न मध्ये असेल, तर तिला नेमण्यापूर्वी तिसऱ्या विश्वासू माणसाशी बोलून घ्यावे.

कागद : कायदा काय मागतो

येथे थोडा कायदा नीट समजून घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार हा घटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात त्याला, मान्यता दिली. त्या निकालात कागद न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करण्याची अट होती, आणि गरीब माणसाला ती पार पाडणे अशक्यप्राय होते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही अट काढून टाकली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून तो कागद नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केला, की पुरते. इंजेक्शन देऊन आयुष्य संपवणे भारतात गुन्हाच आहे आणि या कागदाने ते मागता येत नाही. आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही आणि रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नाही, अशाच अवस्थेत तो वापरात येतो. डेंगी झाला किंवा अपघात झाला तर उपचार थांबतील, ही भीती वस्तीत सर्रास असते. ती आधीच दूर करावी.

कागद करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीवर असावी, आणि तिने तो कोणाच्या दबावाशिवाय करावा. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत. नोटरी कसबा बावड्यातील न्यायसंकुलाच्या परिसरात मिळतात. शुल्क किती ते आधी विचारून घ्यावे. ओळखीतला राजपत्रित अधिकारी तयार असेल, तर तो खर्चही वाचतो. अडीच-तीन हजार रुपये घेऊन ‘लिव्हिंग विल करून देतो’ म्हणणारे मध्यस्थ भेटले, तर त्यांची गरज नाही असे लोकांना स्पष्ट सांगावे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी मजकूर त्यांना कळणाऱ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि तसे कागदावर नमूद करावे. आपल्याकडे घरात कन्नड किंवा हिंदी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथे वाचून दाखवणारा माणूस त्या भाषेचा असावा. अंगठा कोणाचा आहे आणि तो कोणी ओळखला, हे साक्षीदाराने सहीसोबत लिहावे.

मजकूर फार मोठा नसावा. मी साधारण असा लिहून देतो :

‘मी, वय ७२, राहणार कोल्हापूर, शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने लिहून ठेवते, की माझा आजार बरा होण्यासारखा राहिला नाही असे डॉक्टरांचे मत झाले आणि मला स्वतः बोलता येत नसले, तर माझी मुलगी आणि ती नसल्यास माझा धाकटा मुलगा यांनी माझ्या वतीने डॉक्टरांशी बोलावे. श्वासासाठी घशात नळी घालावी लागली तर चार दिवस उपचार करून पाहावेत; सुधारणा दिसली नाही तर यंत्र काढावे. हृदय थांबल्यास छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. दुखण्यावरचे औषध, ऑक्सिजन, तोंड ओले ठेवणे आणि स्वच्छता शेवटपर्यंत द्यावी. शक्य असल्यास मला घरी न्यावे. हा मजकूर मला वाचून दाखवला असून तो मला समजला आहे. मी तो केव्हाही बदलू किंवा रद्द करू शकते, हे मला माहीत आहे.’

यात त्या व्यक्तीची स्वतःची दोन-तीन वाक्ये घालायला विसरू नये. दिवसांची संख्या, घर की रुग्णालय, कोणते उपचार हवेत, हे प्रत्येकाचे वेगळे येईल. छापील नमुन्यावर नुसते नाव बदलून पन्नास सह्या घेणे हा या कामाचा अपमान आहे.

मूळ प्रत स्वतःजवळ, एक नेमलेल्या माणसाकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. शहरात ती महापालिकेत द्यायची; उचगाव, पाचगाव, कळंबा येथे राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला हा कागद नवखा असू शकतो. वाद घालत बसण्यापेक्षा साध्या अर्जासोबत प्रत आवक विभागात द्यावी आणि शिक्का, तारीख व आवक क्रमांक असलेली पोहोच घेऊन तीच कागदासोबत जोडावी.

मानसिक आजारासाठीचे इच्छापत्र वेगळे असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खाली कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि प्रतिनिधी कोण, हे त्यात लिहिता येते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मिसळू नयेत.

पूर, गळके छत आणि कागदांची पिशवी

वस्तीत कागद जपणे हा साधा प्रश्न नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कित्येक घरांतील रेशनकार्डे, एक्स-रे, डिस्चार्ज कार्डे चिखलात गेली. सुतारवाड्यातील लोकांना तर पाणी चढू लागले, की चित्रदुर्ग मठात हलावे लागते, आणि त्या घाईत हाताला लागेल ते उचलले जाते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. त्यालाच जोडून एक नियम घरात ठरवून द्यावा : पाणी ३९ फुटांवर आले, की कागदांची पिशवी दाराच्या खिळ्यावर येते.

बहुतेक ज्येष्ठांचे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतात. एका मावशींनी माझ्यासमोर अशी पिशवी चटईवर उलटी केली, तेव्हा त्यातून अकरा वर्षांपूर्वीचे सोनोग्राफीचे रिपोर्ट, विजेची बिले, देवाचा अंगारा आणि सगळ्यांत खाली, घडीवर फाटत आलेले, हृदयाच्या झटक्यानंतरचे डिस्चार्ज कार्ड निघाले. डॉक्टरांना हवे होते ते एवढे एकच. म्हणून जाड प्लास्टिकचे चेन असलेले पाकीट घ्यावे आणि त्यात वैद्यकीय इच्छापत्राची प्रत, शेवटचे डिस्चार्ज कार्ड, आधार, रेशनकार्ड व योजनेच्या कार्डाच्या प्रती एवढेच ठेवावे. सर्वांत वर एक पान असावे, ज्यावर नाव, वय, रक्तगट माहीत असल्यास तो, चालू गोळ्या, ज्या औषधाने त्रास होतो त्याचे नाव, मोठे आजार, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या दोघांचे फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत असतील. त्या पानाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्यावा. १०८ ची रुग्णवाहिका दारात आल्यावर हे पाकीट रुग्णासोबत चढवायचे आहे, एवढे घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत असावे. बहुधा घरात तेव्हा तोच असतो.

रुग्णालयात प्रत्यक्ष काय होते

कागद दाखवला, की लगेच यंत्र बंद होते असे नाही, हे नेमलेल्या माणसाला आधीच समजावावे, म्हणजे तो गोंधळत नाही आणि डॉक्टरांवर चिडतही नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ रुग्णाची अवस्था तपासते आणि शक्यतो ४८ तासांत मत देते. त्यानंतर दुय्यम मंडळ ते मत तपासते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर असतो. नेमलेल्या माणसाची संमती घेतली जाते आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. मंडळाने नकार दिला, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. कागद केलेलाच नसेल, तरी नातेवाइकांच्या संमतीने अशीच प्रक्रिया होऊ शकते.

नेमलेल्या माणसाने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी प्रत द्यावी आणि ती केसपेपरला लावायला सांगावी. प्रश्न अडला, तर सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. हे पद याच कामासाठी असते, पण त्यांच्या खोलीपर्यंत फार थोडे नातेवाईक पोहोचतात.

यापेक्षा वाईट गोष्ट आपल्याकडे रोज घडते. पैसे संपतात, घरचे ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशी सही करतात आणि रुग्णाला रिक्षातून घरी आणतात. सोबत दुखण्याचे औषध नसते, ऑक्सिजन नसतो, कोणाला फोन करायचा ते ठाऊक नसते. घरी नेण्याचा निर्णय चुकीचा असेलच असे नाही. पण रिकाम्या हाताने नेणे चुकीचे आहे. घरी नेण्यापूर्वी डॉक्टरांना थेट विचारावे, ‘दुखणे, धाप आणि उलटी यांसाठी घरी काय द्यायचे? किती वेळाने? रात्री त्रास वाढला तर कोणाला विचारायचे?’ कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिनच्या गोळ्या हा जुना आणि परिणामकारक उपाय आहे; २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून वैद्यकीय वापरासाठी तो मिळवण्याचे नियम सोपे झाले आहेत. ‘मॉर्फिनने माणूस लवकर जातो’ हा समज घरोघरी आहे. योग्य मात्रेत ते वेदना कमी करते, आणि वेदना कमी झाल्यावर माणूस चार घास खातो, चार शब्द बोलतो. उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, कोठे मिळेल याची चौकशी निदान झाल्याबरोबर करावी, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

घरी सेवा कोण करणार, हाही या तयारीचाच भाग आहे. कूस कोण बदलणार, कामावर जाणारी सून दिवसाचा पगार बुडवून किती दिवस थांबू शकेल, शेजारणी दुपारचे दोन तास वाटून घेतील का, हे नावांनिशी ठरवावे. बचत गटाने या कामात फार मोठी मदत केल्याचे मी पाहिले आहे. भिशीसारखी पाळी लावून त्यांनी महिनाभर एका घराची दुपार सांभाळली होती.

ज्येष्ठांच्या मनात आणखी एक काळजी असते आणि ती ते शेवटी, उठता उठता बोलतात : ‘मातीचं काय?’ कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि त्यासाठी शहरातील लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात, हे त्यांना सांगावे. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा आणि २१ दिवसांच्या आत नोंद करावी. देहदान किंवा नेत्रदान करायचे असेल तर तेही याच वेळी घरच्यांसमोर बोलून ठेवावे, कारण त्या वेळी संमती त्यांचीच लागते.

वर्षातून एकदा पुन्हा बसणे

इच्छा बदलतात. नातू झाला, जोडीदार गेला, नवा आजार निघाला, नेमलेल्या मुलाशी बोलणे तुटले, की कागद पुन्हा वाचावा. आम्ही दसऱ्यानंतरचा आठवडा यासाठी धरतो, कारण पाऊस संपलेला असतो, पुराची भीती गेलेली असते आणि दिवाळीची धांदल सुरू झालेली नसते. कार्यकर्त्याने घरी जाऊन मजकूर पुन्हा वाचून दाखवावा, फोन क्रमांक चालू आहेत का ते तिथेच लावून पाहावे आणि गोळ्यांचे पान नव्याने लिहावे. काही बदलायचे नसेल, तर मागच्या बाजूला तारीख आणि ‘वाचले, तसेच ठेवले’ असे लिहून सही किंवा अंगठा घ्यावा. बदल असेल, तर नवा कागद पहिल्यासारखाच दोन साक्षीदार व साक्षांकनासह करावा, त्यात जुना रद्द केल्याचे तारखेसह लिहावे, आणि डॉक्टर, नेमलेला माणूस व महापालिका यांच्याकडच्या जुन्या प्रतींच्या जागी नव्या प्रती त्याच आठवड्यात पोहोचवाव्यात.